टाचण्यांचा नकाशा : डॉ. डेनिस बर्किट

कला शाखेच्या वार्षिकात एका शल्यचिकित्सकाचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे. नकाशे भरणे हा आमचा रोजचा उद्योग. पर्जन्यमानाचा नकाशा वेगळा, पिकांचा वेगळा, लोकवस्तीचा वेगळा. आफ्रिका खंडाच्या अशाच एका साध्या भिंतीवरच्या नकाशावर एका डॉक्टरने आजारी मुलांच्या गावी टाचण्या टोचल्या आणि त्या टाचण्यांनी कॅन्सरच्या शास्त्राला एक नवी वाट दाखवली, हे वाचले तेव्हा प्रथम मला माझ्या विषयाचा अभिमान वाटला. पुढे वाचत गेलो तसा अभिमान बाजूला राहिला आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. टाचणी टोचणारा हात एकाचा होता. पण प्रत्येक टाचणीमागची बातमी दुसऱ्या कोणी तरी कळवलेली होती. ते दुसरे कोण? आणि त्यांच्या पदरी काय पडले? डॉ. डेनिस बर्किट यांचे चरित्र मी या प्रश्नाच्या अंगाने सांगणार आहे.

आज उत्तर आयर्लंडमध्ये मोडणाऱ्या एनिस्किलन गावाजवळ २८ फेब्रुवारी १९११ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जेम्स बर्किट हे फरमॅना परगण्याचे सर्व्हेयर. रस्ते आणि पूल हे त्यांचे पोटापाण्याचे काम. पण त्यांना नाद होता पक्ष्यांचा. आपल्या आवारातल्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत त्यांनी लहान लहान कडी घातली, कोणता पक्षी कोणत्या झाडापासून कोणत्या कुंपणापर्यंत आपली हद्द सांभाळतो हे दिवसेंदिवस पाहिले आणि त्या हद्दींचे नकाशे काढले. पक्षिशास्त्रात त्यांच्या या कामाचे नाव आजही घेतले जाते. पुढे मुलाने जे केले त्याचे मूळ मला या अंगणात दिसते. एखादी गोष्ट कुठे आढळते आणि कुठे आढळत नाही, हे चिकाटीने लिहून ठेवणे हीसुद्धा विद्या आहे, हे त्या घरात मुलाला सांगावे लागले नसेल. ते त्याच्या डोळ्यांसमोर चाललेले होते.

डोळ्यांचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट इथेच सांगतो. डेनिस अकरा वर्षांचा असताना कोणी फेकलेला दगड त्याच्या चष्म्यावर बसला, काच फुटली आणि उजवा डोळा कायमचा गेला. पुढचे सारे आयुष्य, शस्त्रक्रिया आणि छायाचित्रणासह, त्यांनी एका डोळ्यावर काढले.

१९२९ साली ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले ते इंजिनीअर होण्यासाठी. अभ्यासात ते फार चमकणारे नव्हते. तिथे काही श्रद्धाळू विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांची धर्मनिष्ठा पक्की झाली आणि आपले आयुष्य रोग्यांच्या सेवेत जावे असे वाटून त्यांनी वैद्यकाकडे मोर्चा वळवला. १९३५ साली ते डॉक्टर झाले, १९३८ साली एडिंबरोची शल्यविद्येची पदवी मिळाली. त्यानंतर जहाजावरचे डॉक्टर म्हणून ते थेट मांचुरियापर्यंत जाऊन आले, आणि त्या सफरीत परदेशी जाऊन काम करण्याचा त्यांचा निश्चय झाला. ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेसाठी अर्ज केला, तेव्हा एक डोळा नाही म्हणून त्यांना नाकारण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात मात्र १९४१ साली सैन्याच्या वैद्यकीय दलाने त्यांना घेतले. १९४३ साली ऑलिव्ह रॉजर्स या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. केनिया, सोमालीलँड, सिलोन अशी भ्रमंती झाली. युद्ध संपल्यावर १९४६ साली आधी बंद असलेले दार उघडले आणि वसाहत सेवेतून त्यांची नेमणूक युगांडातील लिरा या गावी झाली.

लिरा हे लांगो जिल्ह्याचे ठिकाण. एवढ्या मोठ्या मुलखात एक लहानसे इस्पितळ. येईल तो रोगी तपासायचा, कापायचे ते कापायचे, अशी धावपळ. पण बापाचे वळण मुलात उतरले होते. जिल्ह्याच्या पूर्व भागातून येणाऱ्या पुरुषांत अंडवृद्धीचा आजार फार दिसतो आणि पश्चिम भागातून येणाऱ्यांत तो जवळजवळ नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले. एकच जिल्हा, सारखीच माणसे, मग हा फरक का? त्यामागे डासांमार्फत पसरणाऱ्या हत्तीरोगाच्या कृमींचा हात होता. या निरीक्षणाने मोठी क्रांती झाली नाही. पण रोग्याला काय झाले याबरोबरच तो कोणत्या गावचा हेही विचारायचे, ही सवय त्यांना लागली. १९४८ साली ते राजधानी कंपालाच्या मुलागो रुग्णालयात आले.

१९५७ साली त्या रुग्णालयात मुलांचे डॉक्टर असलेल्या ह्यू ट्रॉवेल यांनी बर्किटांना एक रोगी पाहायला बोलावले. पाच वर्षांचा मुलगा. वरच्या आणि खालच्या जबड्यावर, डावीकडे आणि उजवीकडे, चारही बाजूंना सूज. दात हलत होते, चेहरा विद्रूप झाला होता. जंतुदोष म्हणावा तर चारही कोपऱ्यांत एकदम कसा? कॅन्सर म्हणावा तर तोही असा चार ठिकाणी एकदम येत नाही. बर्किटांनी छायाचित्रे घेतली आणि उत्तर न सापडता विषय तिथेच राहिला. काही आठवड्यांनी नाईल नदीच्या उगमापाशी असलेल्या जिंजा गावच्या इस्पितळात ते गेले असता खिडकीतून सहज त्यांची नजर बाहेर गेली. गवतावर आईजवळ बसलेल्या एका मुलाचा चेहरा अगदी तसाच सुजलेला होता. ते काम टाकून बाहेर गेले, मुलाला तपासले, तेव्हा जबड्याप्रमाणे पोटातही गाठी लागल्या. एक उदाहरण विचित्र म्हणून सोडून देता येते. दुसरे आले की ती खूण ठरते.

मग त्यांनी मुलागोतील जुनी कागदपत्रे काढली. जबड्याच्या गाठी एका विभागात नोंदलेल्या, पोटाच्या दुसऱ्या, मूत्रपिंडाच्या तिसऱ्या. वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला हा एकच रोग असावा, असे त्यांना दिसू लागले. १९५८ साली त्यांनी ३८ मुलांवर आधारलेला लेख एका ब्रिटिश शल्यविद्येच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे कंपालातील विकृतिशास्त्रज्ञांनी हा लसिकाग्रंथींच्या जातीचा कॅन्सर आहे, असे ठरवले.

इथे भूगोल आला. दक्षिण आफ्रिकेतून आलेले कॅन्सरतज्ज्ञ जॉर्ज ओएटले यांनी ही छायाचित्रे पाहून सांगितले की जोहान्सबर्गच्या आफ्रिकी मुलांत असा रोग दिसत नाही. म्हणजे कुठे तरी याची हद्द असली पाहिजे. ती शोधायची कशी? प्रयोगशाळा मोजक्या, डॉक्टर विरळ, पैसा नाही. २५ पौंडांचे अनुदान मिळाले. तेवढ्यात बर्किटांनी रोगी मुलांची चित्रे असलेली पत्रके छापून घेतली आणि हजाराच्या आसपास पत्रके आफ्रिकाभरच्या सरकारी व मिशनच्या इस्पितळांना धाडली. असा रोगी तुमच्याकडे आला आहे का, एवढेच विचारले होते. या रोगाचे एक भयंकर वैशिष्ट्य इथे उपयोगी पडले. तो चेहऱ्यावर लिहिलेला असे. त्याला ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता. ज्याने एकदा तसे मूल पाहिले, तो ते विसरू शकत नव्हता. उत्तरे येऊ लागली आणि बर्किटांच्या भिंतीवरच्या नकाशावर टाचण्या लागू लागल्या. विषुववृत्ताच्या वर आणि खाली साधारण १० ते १५ अंशांपर्यंत एक पट्टा तयार झाला आणि पूर्व किनाऱ्याने त्याचे एक शेपूट दक्षिणेकडे लांबले.

शेपटाचे टोक कुठे आहे हे पत्राने कळेना, तेव्हा ते स्वतः निघाले. ऑक्टोबर १९६१ मध्ये २५० पौंडांना घेतलेल्या एका जुन्या फोर्ड गाडीतून तिघे जण कंपालाहून बाहेर पडले : बर्किट, टेड विल्यम्स आणि क्लिफर्ड नेल्सन. विल्यम्स हे युगांडाच्या वायव्य कोपऱ्यातील कुलुवा येथील मिशन इस्पितळाचे डॉक्टर. यंत्रकामात वाकबगार, त्यामुळे गाडीची काळजी त्यांच्याकडे. दहा आठवड्यांत दहा हजार मैल झाले. पन्नासहून अधिक इस्पितळे पाहिली. प्रत्येक ठिकाणी छायाचित्रे दाखवायची, असे मूल इथे येते का, कोणत्या गावाहून येते हे विचारायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. शास्त्रीय मोहीम म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जो थाट येतो, त्यातले इथे काहीच नव्हते. होते ते विचारणे आणि ऐकणे.

परतल्यावर चित्र स्पष्ट झाले. उंच डोंगराळ मुलखात रोग नव्हता. रुआंडा, बुरुंडी, केनियाची पठारे मोकळी होती. विषुववृत्ताजवळ पाच हजार फुटांवर रोग थांबत होता; दक्षिणेकडे जावे तसतशी ही उंचीची रेघ खाली खाली येत होती. एंटेबे येथील विषाणुसंशोधन संस्थेचे अलेक्झांडर हॅडो यांनी याचा उलगडा केला. उंचीची रेघ ही वस्तुतः तापमानाची रेघ होती. जिथे थंडीत पारा सुमारे १६ अंश सेल्सिअसच्या खाली जातो तिथे हा रोग नव्हता, आणि जिथे पाऊस फार कमी तिथेही नव्हता. ऊब आणि पाऊस म्हटले की डास आलेच. मग डासांमार्फत पसरणारा एखादा विषाणू मुलांना कॅन्सर देतो की काय, असा तर्क पुढे आला. भूगोलाच्या विद्यार्थ्याला समताप रेषा परीक्षेपुरती माहीत असते. त्या रेषेवर मुलांचे जगणे-मरणे अवलंबून असलेले मी इथे प्रथम पाहिले.

सफरीच्या आधीच, २२ मार्च १९६१ रोजी, बर्किटांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात एक व्याख्यान दिले होते. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन हे तरुण संशोधक होते. विषाणूचा वास त्यांना लगेच आला. त्यानंतर कंपालाच्या मुलांच्या गाठींचे तुकडे विमानाने लंडनला जाऊ लागले. दोन वर्षांहून अधिक काळ हाती काही लागले नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावे लागले आणि नमुना उशिरा पोहोचला. बाटलीतले पाणी गढूळ दिसले, तेव्हा तो कुजला असेच वाटले. पण पाहतात तो गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. त्या पेशी वाढवता आल्या आणि १९६४ साली एपस्टीन, अचाँग व इव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात विषाणू पाहिला. माणसाच्या कॅन्सरशी संबंध जोडला गेलेला हा पहिला विषाणू. एपस्टीन-बार या नावाने तो ओळखला जातो. पुढे असे आढळले की हा विषाणू जगभर बहुतेक माणसांच्या शरीरात असतो आणि तो डासांमार्फत पसरत नाही. डासांचा संबंध दुसऱ्या वाटेने होता : ज्या मुलांना पुन्हा पुन्हा हिवताप येतो, त्यांच्यात हा विषाणू घातक ठरतो. तर्क तपशिलात चुकला. नकाशा चुकला नव्हता.

इकडे कंपालात बर्किटांपुढे मुले होती. किरणोपचाराची सोय नव्हती, शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांकडून मिळालेली मेथोट्रेक्सेटसारखी औषधे त्यांनी थोड्या थोड्या मात्रेत देऊन पाहिली. चेहऱ्याएवढ्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. पुष्कळ मुलांत रोग उलटला, पण काही मुले कायमची बरी झाली. केवळ औषधाने कॅन्सर बरा होऊ शकतो, याची सुरुवातीची उदाहरणे जगाने पाहिली त्यांत ही युगांडातली मुले होती.

आता मी माझ्या प्रश्नाकडे येतो. या साऱ्यात त्या मुलांचे आईबाप, गावे, इस्पितळातले आफ्रिकी परिचारक यांचे स्थान कोणते? ते निव्वळ साहित्य होते की भागीदार? प्रामाणिकपणे सांगायचे तर १९५०-६० च्या त्या वसाहतीच्या काळात कोणी गावकऱ्यांना विचारून संशोधन आखले नव्हते. बर्किटांचे जाळे होते ते मुख्यतः गोऱ्या मिशनरी डॉक्टरांचे. त्या डॉक्टरांना भाषा समजावून देणारे, नोंदी लिहिणारे, मुलांना उचलून आणणारे जे लोक होते, त्यांची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. हे उणे झाकण्यात अर्थ नाही.

तरी एक गोष्ट बर्किटांच्या बाजूने मांडावीशी वाटते. ज्ञान मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतच तयार होते, असा त्या काळी पक्का समज होता. बर्किट उलट दिशेने गेले. ज्या आडगावच्या इस्पितळांना कोणी काही विचारत नसे, त्यांना त्यांनी विचारले आणि त्यांचे उत्तर खरे मानले. एकदा असे विचारले गेले की काय घडते, ते कुलुवात दिसले. टेड विल्यम्स आपल्या रजिस्टरात प्रत्येक रोगी मुलाचे गाव नीट लिहून ठेवीत, मुलांच्या घरापर्यंत जात. १९६७ साली या नोंदींच्या आधारे पाईक, विल्यम्स आणि राईट यांनी दाखवले की वेस्ट नाईल जिल्ह्यात १९६१ ते १९६५ या काळात रोगी एकमेकांच्या जवळच्या गावांत आणि जवळच्या वेळी आढळत होते. त्या वहीवाचून हे कळले नसते, आणि मुलाला घेऊन कोसच्या कोस चालत येणाऱ्या आयांवाचून ती वही भरली नसती.

याच वेस्ट नाईलमध्ये १९७२ ते १९७४ या काळात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुमारे ४२,००० लहान मुलांच्या रक्ताचे नमुने घेतले. ही सारी मुले निरोगी होती. पुढे ज्यांना रोग होईल, त्यांच्या रक्तात आधीच काही खूण होती का, हे पाहायचे होते. विचार करा : आपले धडधाकट मूल पुढे करून, त्याच्या दंडातून रक्त घेऊ देणारे ते आईबाप. आज त्यांच्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता. उपयोग झाला असता तर तो पुढच्या कोणाच्या तरी मुलाला. १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ मुलांना रोग झाला होता, आणि विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण त्यांच्या रक्तात रोगाच्या पुष्कळ आधीच वाढलेले होते. विषाणू आधी, गाठ नंतर, हा क्रम पक्का झाला. त्यानंतर लवकरच, १९७९ च्या युद्धाने आणि त्यामागून आलेल्या धामधुमीने वेस्ट नाईलच्या असंख्य लोकांना देशोधडीला लावले. शास्त्रावर ज्यांचे ऋण होते, ते शेजारच्या देशांत निर्वासित झाले.

बर्किट १९६६ साली ब्रिटनला परतले. तिथेही त्यांनी जुनीच रीत चालू ठेवली. सर्जन-कॅप्टन क्लीव्ह यांच्या विचारांनी ते प्रभावित झाले होते. शुद्ध केलेली साखर आणि पांढरे पीठ यांमुळे श्रीमंत देशांत कित्येक रोग बळावतात, असे क्लीव्ह म्हणत. बर्किटांनी शंभराहून अधिक मिशन इस्पितळांना दरमहा प्रश्नपत्रिका पाठवून विचारले की आंत्रपुच्छाचा दाह, मोठ्या आतड्याचा कॅन्सर हे रोग तुमच्याकडे किती दिसतात. फारच थोडे, असे उत्तर येत राहिले. १९७२ साली वॉकर आणि पेंटर यांच्यासह त्यांनी दाखवले की आफ्रिकी खेड्यातल्या माणसाच्या पोटातून अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडते, तर ब्रिटिश नाविकांच्या पोटात ते तीन दिवसांहून अधिक रेंगाळते. मलाचे वजन करणारा डॉक्टर म्हणून त्यांची चेष्टाही झाली. त्यांनी ती हसून घेतली. कोंडा आणि चोथा यांबद्दलच्या त्यांच्या मतांपैकी सगळीच पुढच्या संशोधनात टिकली नाहीत आणि वाद पुष्कळ झाले. पण तंतुमय अन्न अधिक खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण कमी असते, हे पुढील मोठ्या पाहण्यांत दिसून आले. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जाई, त्यांच्या ताटाकडून सुधारलेल्यांनी शिकावे, असे सांगणारा गोरा डॉक्टर त्या काळात विरळाच.

मानसन्मान आले. १९७२ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, त्याच वर्षी अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. रोगाला तर त्यांचेच नाव मिळाले होते. २३ मार्च १९९३ रोजी ग्लॉस्टर येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चरित्र इथे संपते, पण हिशेब संपत नाही. बर्किट लिंफोमा झालेले मूल आज श्रीमंत देशात जन्मले असेल, तर बहुधा ते बरे होते. ज्या मुलखातल्या मुलांवर हा रोग ओळखला गेला, ज्यांच्या गाठीत विषाणू सापडला, ज्यांच्या रक्ताने तो सिद्ध झाला, त्या मुलखात बरे होण्याचे प्रमाण अजूनही पुष्कळ कमी आहे. औषधे आहेत, पण मूल उशिरा पोहोचते, इस्पितळ दूर असते, उपचार अर्ध्यावर सोडून घरी परतावे लागते. ज्ञान तिथून निघाले आणि जगभर गेले. त्याचे फळ मात्र उगमाकडे पुरते परतलेले नाही. अलीकडे चित्र थोडे पालटते आहे. २०१० नंतर युगांडा, टांझानिया आणि केनियात झालेल्या मोठ्या अभ्यासात आफ्रिकी संशोधक आघाडीवर होते, खेड्यापाड्यांतल्या निरोगी मुलांनाही घरच्यांच्या संमतीने तुलनेसाठी घेतले गेले, आणि कुलुवाचे ते इस्पितळ त्यातही सामील होते.

मला वाटते, आपल्यासारख्या कला शाखेच्या मुलामुलींनी या चरित्रातून घ्यायचे ते हेच. उद्या आपल्यापैकी कोणी पाहणीसाठी वही-पेन्सिल घेऊन एखाद्या वाडीवर जाईल, कोणी जनगणनेच्या कामावर, कोणी लोकगीते गोळा करायला. आपण विचारू, लोक सांगतील. त्यांनी सांगितलेले आपण खरे मानणार आहोत का, आणि त्याचे जे काही होईल ते त्यांना परत नेऊन सांगणार आहोत का, हे दोन प्रश्न आपल्यापुढे असतील. पहिल्याचे उत्तर बर्किटांनी आपल्या परीने दिले. दुसरे उत्तर द्यायचे काम अजून पुष्कळ उरले आहे.